बाहेरच्या रांगेतले नमुने

प्रिय अक्का,

तुझ्या लेकीला, सरोजाला दिवस गेलेत, आणि भावोजींनी तिचं नाव कुठं घातलंय माहीत आहे? तुझं ऑपरेशन झालं त्याच इस्पितळात, त्याच डॉक्टरांच्या हाताखालच्या, बायकांच्या वॉर्डात! म्हणून आज तुला लिहायला बसले आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, सुमतीला संशयाचं वेड लागलंय.

तूही तेच म्हणायचीस. दूधवाल्याच्या डोळ्यांदेखत मी दुधात बोट बुडवायची, कोत्तवाल चावडीच्या बाजारात भाजीवाल्याचा तराजू उलटा करून बघायची, आणि तू पदर तोंडाला लावून हसायचीस. तुझा मात्र सगळ्यांवर विश्वास. डॉक्टर आले की देवळात उभं राहिल्यासारखे हात जोडायचीस. एकदा तरी विचारायचं होतंस गं, ताप का उतरत नाही म्हणून!

तेव्हा आम्हाला वाटलं, पेनिसिलिनमध्येच भेसळ असणार. भावोजींनी माउंट रोडवरच्या औषधांच्या दुकानातून सीलबंद बाटल्या स्वतः आणल्या. त्याही टोचून झाल्या, पण टाक्यांतला पू थांबला नाही. मग सगळ्यांनी नशिबाला दोष दिला आणि विषय मिटवला. माझा कधी मिटला नाही.

आता मी अड्यारला एका प्रयोगशाळेत काम करते. इस्पितळांतले जंतू कुठल्या औषधाला दाद देत नाहीत, याची माहिती देशभरातून दिल्लीला गोळा होते, आणि मद्रासच्या वॉर्डांतला पू आमच्याकडे येतो. काचेच्या थाळीत जंतू वाढवायचे, मध्ये पेनिसिलिनची कागदी चकती ठेवायची. औषध लागू पडलं तर चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. बाकी सगळीकडून काही ना काही हट्टी जंतू येतातच. तुझ्या इस्पितळातून एकही नाही! आमचे साहेब खूश. मला मात्र ती स्वच्छ वर्तुळं खटकली.

काहीतरी निमित्त काढून मी तिथं गेले. वॉर्डाच्या सिस्टर बाहेरच्या रोग्यांच्या रांगेपाशी उभ्या होत्या. घरून गळू घेऊन आलेल्या माणसांचा पू कापसाच्या काडीवर घ्यायचा आणि नळीवर वॉर्डाचं नाव चिकटवायचं, असं चाललं होतं. ज्याने वॉर्डाचा उंबरा ओलांडला नाही, त्याच्या अंगात वॉर्डातला जंतू येणार कुठून?

मी विचारलं तेव्हा त्या चिडल्या नाहीत. तमिळमध्ये हळूच म्हणाल्या, "आतला पू पाठवला तर वॉर्ड बंद करतील, अम्मा. मग या बायकांनी जायचं कुठं?"

मी आत गेले. कोपऱ्यातल्या खाटेवर एक मुलगी तापाने फणफणत होती, आणि तिच्या पट्टीला तुझ्या टाक्यांना यायचा तोच वास होता. अक्का, तो वास मी कसा विसरेन? मी पिशवीतून काडी काढली. सिस्टरनी तोंड फिरवलं, पण मला अडवलं नाही.

आज सकाळी थाळी उघडली. जंतू चकतीच्या कडेला चिकटून वाढले होते. औषधाची त्यांना फिकीरच नव्हती! तुझ्या वेळी कुणी तपासलंच नाही, त्यामुळे तुला गिळलं ते हेच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण माझा संशय आता जाणार नाही.

दुपारी भावोजींकडे गेले. आधी ते रागावले, डॉक्टर देवमाणूस आहे म्हणाले. मग सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुझ्या अक्काला मीच तिथं नेलं, मरायला."

मी तशीच उठून आले.

तुला शब्द देते. उद्या हा निकाल वॉर्डाच्या नावासकट दिल्लीला जाईल, साहेबांनी कितीही आठ्या घातल्या तरी. सरोजाचं बाळंतपण तिथं होणार नाही, आणि जिथं होईल तिथला वॉर्ड मी आधी तपासेन. आणि भावोजींना सांगेन, त्याच डॉक्टरांकडे जायचा हट्ट तुझा होता, तू माझ्या कानात तसं सांगितलं होतंस, त्यांनी नको म्हटलं असतं तरी तू ऐकलं नसतंस. तू असं काही बोलली नव्हतीस, हे आपल्या दोघींनाच ठाऊक. तुझ्या नावावर एवढं एक खोटं खपवून घे.

तुझी संशयी,
सुमती