माझी नजर परत येणार नाही

अपेक्षा,

मी सकाळच्या एसटीने पुण्याला जातोय. तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. चपात्या डब्यात आहेत. आई हॉटेलच्या कामावरून दोनला येईल, त्याआधी हे वाच आणि चिठ्ठी फाडून टाक.

तुम्हा दोघींना वाटतंय की मी दर बुधवारी उपचारांना जातो. तसं नाही. माझी नजर परत येणार नाही, हे डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं. बुधवारी जातो ते संशोधन आहे. नजर जाताना माणूस किती खचतो, काठी घेऊन चालायला आणि चाचपून कामं करायला शिकवलं तर सावरतो का, ते बघतात. मी स्वतःहून नाव दिलं. काल तू म्हणालीस, "पप्पा, बरे झालात की पुन्हा टुरिस्ट गाडी चालवा," तेव्हाच ठरवलं, आता हे लपवायचं नाही.

आणखी एक. फॉर्म भरताना तिथल्या मॅडमनी विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला असा त्रास आहे?" मी नाही म्हणालो. पण रविवारी दिवेलागणीला तू पडवीतल्या बादलीला धडकलीस आणि हसत सुटलीस. माझंही तुझ्याच वयात असंच सुरू झालं होतं. आज ते उत्तर बदलून येतो आणि तुझ्या तपासणीची तारीख घेतो. कदाचित काही निघणारही नाही.

आईला संध्याकाळी मीच सांगेन. तोवर स्कूटीला हात लावू नकोस. माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण कॉलेजला चालत जा.

पप्पा