लिंबाच्या पॅनकेकबरोबर काय प्यायचं?

प्रिय ताई,

आज पॅनकेक डे. भावजींना बसस्टॉपपर्यंत सोडून आले आणि भांडी तशीच ठेवून तुला लिहायला बसले. तू गेल्यानंतरचा हा पहिलाच. सकाळची हकिगत तुला नाही सांगायची, तर कुणाला?

आपलं हे खूळ इथलं, कार्डिफचं, नव्हेच. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर लेंटचे उपास लागायच्या आदल्या दिवशी लिंबू-साखरेचे पॅनकेक खाऊ घालायच्या. "मैद्याची गोड धिरडी होती," असं तू आईला सांगितलंस, आणि आईने सिस्टरना मनोमन नापास केलं! इथे आल्यावर तू मात्र तो दिवस कधी चुकवला नाहीस.

आणि आपलं भांडणही! मी चहा टाकला की तू नाक मुरडायचीस. "लिंबावर दुधाचा चहा? पोटात पनीर करायचंय का?" तुझी आपली जायफळाची कॉफी. पण ताई, तुझ्या कॉफीतही दूधच असायचं की गं! हे विचारलं, की तुला नेमका तव्यावरचा पॅनकेक उलटायचा असायचा.

भावजी दोन्ही कप संपवायचे. कुठलं चांगलं विचारलं, तर म्हणायचे, "दोघींच्या मध्ये मी बोलत नाही."

तू गेल्यापासून ते टेबलाशी बसतच नव्हते. ओट्यापाशी उभ्याउभ्या टोस्ट खायचा, झालं. कितीदा माझ्याकडे बोलावलं, तरी आपलं "बघू." परवा पॅनकेकचं नाव काढलं, तर चक्क "येतो" म्हणाले. मग मलाच धडकी भरली. बरोबर द्यायचं काय? तुझी कॉफी दिली आणि ते उठून गेले तर? नुसताच चहा द्यायचा, तर तुला घरातून काढून टाकल्यासारखं वाटणार. शेवटी कोकोचा डबा हातात घेतला. आठवतो सिस्टरांचा पाणचट कोको? ठेवला परत.

कॉफीच केली. कॉफी, साखर आणि चमचाभर दूध फेटत राहिले, रंग उतरेपर्यंत, तुझ्यासारखं. वरून उकळतं दूध ओतलं. जायफळ मात्र भीतभीत किसलं.

भावजींनी उभ्यानेच एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. 

"सुमे, जायफळ कुठाय?"

"घातलंय की."

"याला घातलं म्हणतात? तुझ्या ताईने कप परत पाठवला असता. आण ती किसणी."

आणि खुर्ची ओढून बसले गं! स्वतः जायफळ किसलं, बोटं पुसली, पॅनकेकवर लिंबू पिळलं. पोटभर खाल्लं. मग म्हणाले, "आता चहा टाक."

"अहो भावजी, लिंबावर?"

"इतकी वर्षं दोन्ही प्यायलो. आज एका कपावर उठू?"

मी धीर करून विचारलं, "आता तरी खरं सांगा, कुठलं चांगलं?"

"दोघींच्या मध्ये मी बोलत नाही," म्हणाले.

दोघींच्या! ऐकलंस ना?

ते आता दर रविवारी येणार आहेत. तुला वचन देते, जायफळाला हात आखडता घेणार नाही, आणि भांडण तर मुळीच मिटवणार नाही. तुझी बाजूही मीच मांडेन. फक्त त्या दुधाचं उत्तर तेवढं सुचव. तुझ्या वतीने मला काही सुचत नाहीये!

तुझी चहाबाज धाकटी,
सुमी