भूषणचा समुद्र वाकडा आहे

२ नोव्हेंबर
भूषणने त्याच्या स्टुडिओबाहेर अलिबागच्या किल्ल्याचा फोटो टांगला. चार फुटी. माझा स्टुडिओ बरोबर समोर, त्यामुळे दिवसभर तोच बघावा लागला. काही खास नाही. समुद्र डावीकडे कललाय. अख्ख्या बेला गावात हे माझ्याशिवाय कुणाला कळणार?

३ नोव्हेंबर
कुणालाच कळलं नाही. मोतीरामभाऊ त्या फोटोसमोर दहा मिनिटं उभे. मुलीच्या लग्नाची ऑर्डर त्यांनी अजून कुणालाच दिलेली नाही. मला म्हणाले, तुमीबी असं काई काढत जा ना, काऊन नुसते पासपोर्टच काढून राह्यले?
संकल्प : याच आठवड्यात अलिबाग. किल्ला तोच, समुद्र सरळ.

७ नोव्हेंबर, रेल्वेत
बायको सोबत आहे, सुनयना. बॅग धरायला. तिला सहल म्हणून सांगितलंय. मी कुणावर जळून चाललेलो नाही, हेही तीनदा सांगितलं. म्हणाली, मी इचारलं काय?

९ नोव्हेंबर, दुपारी ४
ओहोटी. लोक चालत किल्ल्यात जातात. भूषणने काठावरून काढला. भित्रा! मी अर्ध्या वाटेत ओल्या वाळूत ट्रायपॉड रोवला, लेव्हल दोनदा तपासली. सूर्य बुडेपर्यंत काठावर चहा.
नारळवाला म्हणाला, पाणी चढेल. हसलो. आभाळात ढग नाही, वर कुठे पाऊस नाही, पाणी चढेल कसं? पैनगंगेच्या काठी जन्म गेला, आणि हा मला पाणी शिकवतो.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
चढलं.

१० नोव्हेंबर
कॅमेरा उन्हात ठेवलाय. लेन्समधून वाळू निघते. कार्ड वाचत नाही. भरतीच्या म्हणे वेळा ठरलेल्या असतात. मग तसा बोर्ड नको लावायला? सुनयना म्हणाली, होता ना, त्याच्यावरच तर तुमी टॉवेल वाळत घातला.

१४ नोव्हेंबर
घात झाला. फोटोत मी कमरेइतक्या पाण्यात, खांद्यावर ट्रायपॉड, तोंड उघडं. मागे किल्ला, सूर्य नेमका बुरुजावर. सुनयनाने मोबाइलवर काढलेला. मोठा करून आणला. भूषणकडून! म्हणे, तुमचा प्रिंटर रंग फिका देते. फोटो आता बैठकीत आहे.

१६ नोव्हेंबर, सकाळी
मोतीरामभाऊ आले. फोटोसमोर पंधरा मिनिटं. मी मोजली. लग्नाची ऑर्डर आपल्यालाच! भूषणचं तोंड बघायला मी चप्पल घालतच होतो, तर म्हणाले, फक्त फोटो वैनीले काढू द्या. मोबाइलनं काढले तरी चालते. तुमी बॅग धरा.

१६ नोव्हेंबर, दुपारी
घरी कुणी नाही. फोटो उतरवला, फूटपट्टी लावून समुद्र मोजला.
सरळ आहे.