रद्दीतून परत आलेली वही

आई,

मी मुलुंडच्या वाचनालयात माझी गोष्ट वाचून दाखवायला चाललेय. भात आणि बांगड्याचं तिखलं झाकून ठेवलंय.

गिरणी संपाच्या दिवसांवरची ती गोष्ट अर्धवट सोडून मी वही रद्दीत टाकली होती. माझं कोण वाचणार, असं वाटायचं. परवा बघते तर वही माझ्या उशाशी, आणि शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलेलं, 'मगे काय झाला?' असं मालवणीत लिहिणारं घरात तुमच्याशिवाय कोण आहे? त्या प्रश्नापायीच मी गोष्ट पुरी केली.

साक्षरता वर्गात तुम्हाला जेमतेम चार महिने झाले, एवढी पानं कशी वाचलीत? त्यातली खाष्ट सासू तुमच्यावरूनच लिहिलीय, हे ओळखलंच असेल. तरीही पुढचं वाचावंसं का वाटलं? आल्यावर खरं सांगा.

मालन