‘केरीदनी’तले सगळे ‘अवरु’

मी, तिप्पम्मा, कैलासवासी मारप्पा यांची मुलगी, ‘केरीदनी’ या कन्नड दैनिकाची मालक आणि संपादक, राहणार चित्रदुर्ग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. गुडघे गेले, डोके जागेवर आहे. शंका असेल त्यांनी कालचा अग्रलेख वाचावा. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. असता तर त्याचीही बातमी केली असती.

१. राहते घर मागच्या चिंचेसह माझा मुलगा प्रसन्नकुमार याला मिळावे. बँकेतली ठेव सून रूपा हिला. ती बंगळूरहून फोन करते तेव्हा आधी विचारते, “अत्ते, जेवलात का?” मुलगा विचारतो, “अव्वा, पेपरचं काय ठरवलंस?” घरच्या माणसांना मी या कागदात तो-ती लिहिले आहे, कारण ती घरची आहेत. पेपरात त्यांनाही पुरता मान मिळेल.

२. माझ्या वडिलांची हलगी कार्यालयाच्या भिंतीवरून हलवू नये. वडील गावात दवंडी पिटत. सरकारी हुकूम, हरवलेली म्हैस, गौडांच्या घरचे लग्न, सगळे त्यांच्याच तोंडून गावाला कळे. आमच्या केरीतले, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतले, कुणी जन्मले काय नि मेले काय, त्याची दवंडी कधी पिटली गेली नाही. दनी म्हणजे आवाज. पेपरचे नाव तिथून आले आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

३. वडील विहीर खणताना दरड कोसळून गेले. त्या वेळच्या एका पेपरात ओळ आली: ‘विहीर खचून मारा मेला.’ त्याच पानावर एक निवृत्त मामलेदार ‘वारले’ होते. कन्नडमध्ये ‘अवनु’ म्हणजे तो, ‘अवरु’ म्हणजे ते. मामलेदारांना अवरु होते, माझ्या वडिलांना अवनु. अव्वाला वाचता येत नव्हते. मी मोठ्याने वाचले, “मारप्पा अवरु विहिरीचं काम करत असताना वारले.”

“असंच लिहिलंय? अवरु?”

“हो, अव्वा.”

“परत वाच.”

मी परत वाचले. मग डोळे पुसत ती केरीभर सांगत फिरली, “माझ्या नवऱ्याला पेपरनं अवरु म्हटलं गं!” ते माझे पहिले संपादन. पुढे पेपर काढला तो ते वाक्य खरे करण्यासाठी.

म्हणून ‘केरीदनी’त कुणीही अवनु नाही. गटारात उतरणारे, विड्या वळणाऱ्या, देवाला सोडलेल्या बायकांच्या मुली, पकडलेले चोरसुद्धा, सगळे अवरु. लोक खूप हसले. पहिल्याच वर्षी मुद्रिते तपासताना केंचम्मांनी सवयीने बाजारात बिथरलेल्या बैलालाही अवरु लावले: ‘ते भाजीच्या गाड्यावर धावून गेले.’ नंतर कितीतरी दिवस तो बैल दिसला की लोक हात जोडत, “नमस्कार साहेब, आज बाजार नाही वाटतं?” मी दुरुस्ती छापली नाही. मान कमी पडला तर दुरुस्ती छापायची, जास्त झाला तर नाही.

४. खाणमालक विरूपाक्षय्या यांच्याविषयी. त्यांच्या खाणीच्या धुळीवर आम्ही वर्षानुवर्षे लिहिले. त्यांनी आमच्या जाहिराती बंद पाडल्या, आम्ही पाने कमी केली, पेपर बंद केला नाही. गेल्या महिन्यात ते प्रसन्नबरोबर घरी आले.

“अक्का, पेपर मी घेतो. माणसं तीच राहतील. नाव तेवढं जरा बरं ठेवू. आणि ते अवरु-बिवरु बंद करू. झाडूवाल्यालाही अवरु, मलाही अवरु, मग माझं काय राहिलं?”

“खाण राहिली की तुमची!”

प्रसन्न म्हणाला, “अव्वा, ते चांगली किंमत देतायत.”

“कशाची देतायत ते आत्ताच बोलले. कान कुठे होते तुझे?”

५. म्हणून ‘केरीदनी’ हे नाव, छपाईयंत्र आणि कार्यालय मी पेपरात काम करणाऱ्यांच्या विश्वस्त मंडळाला देते. प्रमुख केंचम्मा, होय, बैलवाल्याच. मंडळाला पेपर विकता येणार नाही. ज्या दिवशी तो कुणालाही अवनु म्हणेल, त्या दिवसापासून त्याने हे नाव लावू नये. प्रसन्नने यावर दावा करू नये. तो बंगळूरला ‘केरीदनी’ इंग्रजी पेपरात गुंडाळून नेतो, हे मला रूपाने सांगितले आहे. बाळा, उघडा ने. आजोबा तुझेही आहेत.

६. विरूपाक्षय्या माझ्याहून वयाने मोठे आहेत. कधीतरी त्यांचीही बातमी द्यावी लागेल. ती ‘विरूपाक्षय्या अवरु वारले’ अशीच यावी. धुळीचेही लिहावे, काही लपवू नये. पण अवरु गाळू नये. हे कलम मी केंचम्मांना वाचून दाखवले तेव्हा त्या उसळल्या.

“अक्का, त्या धुळीनं माझ्या भावाची छाती गेली. दोन पावलं टाकली की धाप लागते. माझा हात नाही वळायचा. त्यांना मी अवरु लिहू?”

“काय म्हणालीस?”

“त्यांना मी...”

केंचम्मा तिथेच थांबल्या. इतक्या रागातही तोंडातून ‘त्याला’ आले नव्हते. पेपर योग्य हाती जातो आहे, याबद्दल मला आता शंका नाही. खाली सही करते.

तिप्पम्मा मारप्पा

वरील सही आमच्यासमोर झाली. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. पेपर रोज मिळतो, तेवढे पुरे.

साक्षीदार: श्री. जुंजप्पा, नगरपालिका सफाई कामगार (सही)
साक्षीदार: श्रीमती महबूबी, विडी कामगार (अंगठा)

स्थळ: ‘केरीदनी’ कार्यालय, चित्रदुर्ग
दिनांक: ६ डिसेंबर २०२३