सहाच्या क्लासची हजेरी

१ सप्टेंबर, सोमवार

पहिलाच दिवस आणि पहिलाच खोटेपणा!

सरकारी नोकरीच्या परीक्षांचा ऑनलाइन क्लास. काल बाबांनी स्वतः बसून धाकट्याचं नाव नोंदवलं, पासवर्ड पाठ केला, टॅब पुसून टेबलावर ठेवला. आणि आज सकाळी सहाला आमचे राजे पांघरुणात! हलवलं, चिमटा काढला. "ताई, पाचच मिनिटं." पाचाची पंचवीस झाली.

भिंतीपलीकडे बाबांचं शिलाई मशीन सुरू झालं होतं. भिंत अशी पातळ, की इकडे शिंकलं तर तिकडून विचारतात, सर्दी झाली का. क्लासचा आवाज गेला नसता तर बाबा दारात येऊन उभे राहिले असते, आणि मग सकाळीच तमाशा. म्हणून टॅब मीच लावला. आवाज चढवला. सर शिकवत राहिले, राजे घोरत राहिले, मी भाजी चिरत राहिले.

एकदाच. उद्यापासून नाही.

३ सप्टेंबर

आज तिसरा दिवस. वर काय लिहिलंय ते वाचायची लाज वाटते.

मध्येच पडद्यावर येतं — 'आपण पाहत आहात का?' बोट लावलं नाही तर क्लास बंद. ओल्या हातानं लावलं. शेवटी पाच प्रश्न. ते सोडवल्याशिवाय हजेरी लागत नाही, आणि हजेरी रोज बाबांच्या फोनवर जाते! सोडवले. चार बरोबर. चुकला तो घाईत चुकला, नाहीतर... जाऊ दे. मला काय करायचंय.

८ सप्टेंबर, सोमवार

काळ-काम-वेग. एक माणूस काम वीस दिवसांत करतो, दुसरा तीस; दोघं मिळून किती? सर आपले फळाही भरताहेत, खडूही घासताहेत. माझ्याच्यानं राहवेना. "बारा! अहो बारा दिवस!" — एवढ्या मोठ्यानं ओरडले की पलीकडचं मशीन थांबलं.

सुरी तशीच हातात. जरा वेळानं मशीन परत सुरू झालं. वाचले.

दवाखान्यात कामावर गेल्यावरही डोक्यात तेच. अपॉइंटमेंटच्या वहीमागे गणितं मांडत बसले आणि दाढ काढायला आलेल्या आजोबांना भलत्याच दिवशीची वेळ दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लक्ष कुठंय तुझं हल्ली? लग्न-बिग्न ठरलं की काय?" हसून वेळ मारून नेली. बत्तीस वर्षांच्या घोडीचं लक्ष काळ-काम-वेगात आहे हे कुणाला सांगणार!

१४ सप्टेंबर, रविवार

आठवड्याची चाचणी. एकदाच देता येते. राजेंना खरंच उठवलं, तोंडावर पाणी मारून. तर म्हणतो, "तूच दे ना. तुला येतं सगळं. मला त्या सरांचा आवाज ऐकूनच गुंगी येते." आणि गेला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात. तिथे मात्र तासन्‌तास डोळ्यात भिंग घालून बसतो, पाणी प्यायचंही भान नसतं.

मी दिली. शंभरात श्याऐंशी.

संध्याकाळी बाबांनी गिऱ्हाइकासमोर चष्मा लावून निकाल मोठ्यानं वाचला. दोनदा. मी गुंड्यांचा डबा आवरायच्या निमित्तानं पाठ फिरवून उभी. कान तापले होते. थोडे लाजेनं — आणि थोडे, खरं सांगायचं तर, आनंदानं. त्या आनंदाचीच जास्त लाज.

१७ सप्टेंबर

चार बरोबर. काही लिहावंसं वाटत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

बाबांनी कपाटातलं ठेवणीतलं पांढरं कापड काढलं. "परीक्षेचा शर्ट," म्हणाले. राजे म्हणाला, "माप तरी घ्या!" तर, "तोंडपाठ आहे," म्हणून कात्री चालवली.

शर्टांना गुंड्या लावायचं काम दहाव्या वर्षापासून माझं. एकदा एका बाईंच्या शर्टाला उजवीकडे लावल्या होत्या, तर बाबांनी सगळ्या उसवायला लावल्या. पुरुषांच्या उजवीकडे, बायकांच्या डावीकडे. आता झोपेतही सांगेन. सवयीनं सुई घेऊन बसले, तर शर्ट ओढून घेतला. "याच्या मी लावीन."

लेकाच्या शर्टाला स्वतः गुंड्या लावणार! एवढी आशा, आणि सगळी माझ्या खोट्या मार्कांवर. जेवण गेलं नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

फॉर्मची शेवटची तारीख तीस. बाबांना विचारलं, त्याचा फॉर्म भरला का? "भरू, भरू." बास, एवढंच.

आज लिहूनच टाकते. हा फॉर्म मलाही भरता येतो. यंदाच. पुढच्या वर्षी वय उलटून जाईल.

आणि दुसरं. राजे उठला नाही की मला बरं वाटतं. काल तर हाकही मारली नाही. पांघरूण नीट केलं त्याचं, दार लोटलं आणि टॅब घेऊन बसले! बहीण आहे की वैरीण? पोराचं नुकसान करतेय आणि वर त्याच्यावर उपकार केल्यासारखी वागतेय. माझी मलाच शिसारी येते.

खोडणार नाही. राहू दे.

२८ सप्टेंबर, रविवार

आज चाचणी त्यालाच द्यायला लावली. शेजारी बसले, ओठ दाबून. एकोणीस मार्क.

बाबांनी फोन बघितला. "हं." परत मशीनवर. मला सोसवेना. जाऊन उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं — क्लास मी लावते, हजेरी माझी, ते मार्क माझे, त्याला मी उठवतसुद्धा नाही, मी तुम्हाला फसवलं.

बाबा सुईत दोरा ओवत होते. ओवून झाल्यावर म्हणाले, "पांढरा दोरा संपत आलाय. येताना आण."

बस्स! ओरडले असते, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोरा आणून दिला. हातातून घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

सहाला उठले तर टॅबवर शर्ट घडी करून ठेवलेला. गुंड्या डावीकडे.

घालून बघितला. खांद्यात नेमका बसला. पलीकडचं मशीन थांबलं.

"उद्या शेवटची तारीख आहे," बाबा भिंतीआडूनच म्हणाले. "आज दवाखान्यात सुट्टी सांग, तुझा फॉर्म भरून येऊ. आणि त्या सरांवर जरा कमी ओरडत जा. पहिल्या आठवड्यापासून ऐकतोय. विचारलं असतं तर तू बंद केलं असतंस."