डाव्या कानाची स्टेपनी

६ मार्च
वही, रागावू नकोस. फार दिवसांनी लिहितोय. कामात होतो. काम कुठलं, ते आठवल्यावर लिहीन.
मुलाने कानाची मशिनं आणली. दोन. एक उजव्या कानात घातलं, दुसरं कापसात गुंडाळून खणात ठेवलं. सूनबाई म्हणाली, आबा, दोन कानांना दोन आहेत ती. मी हसलो. जन्म बसच्या गॅरेजमध्ये गेला. चाक चांगलं असताना स्टेपनी कोणी लावतं का?
संकल्प: उद्यापासून घरातल्या प्रत्येक बोलण्यात भाग घ्यायचा.

८ मार्च
जेवताना भाग घेतला. जमलं नाही. दोष माझा नाही. मुलगा, सूनबाई, नात, टीव्ही, सगळे एकाच भोकातून आत घुसतात आणि दारातच चेंगरतात. नात एकटी खोलीत येऊन बोलते ते मात्र स्वच्छ कळतं. म्हणजे मशीन ठीक, कान ठीक, माणसंच बिघडलीत. एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायची रीतच उरली नाही.
ही होती तोवर शेजारी बसून सगळं मला परत सांगायची. तेव्हा वाटायचं, किती ही बडबड!
नवा संकल्प: मान हलवायची. लोक हसले की हसायचं.

१३ मार्च
मान झकास हलतेय. नात सांगत होती, आई म्हणते आबा हल्ली शहाण्यासारखे वागतात.
दुपारी कानाच्या दवाखान्यात. तिथल्या बाईंनी डोळे मिटायला लावून किल्ल्या वाजवल्या. कुठे वाजल्या? मी ठामपणे खिडकी दाखवली. बाई दाराशी. म्हणाल्या, दोन्ही कान चालू असले की कोण कुठल्या बाजूने बोलतंय ते कळतं. मग मन हवा तो आवाज उचलतं, बाकीचे बाजूला सारतं. एकाच कानात सगळ्यांचा ढीग होतो. दुसरं घाला.
मी म्हटलं, बाई, अख्खं गॅरेज ओरडत असताना कुठल्या इंजिनाचं काय दुखतंय ते मी सांगायचो. त्या म्हणाल्या, आजोबा, तेव्हा दोन्ही कान कामावर होते.
बाई उद्धट आहेत.

१९ मार्च
घरात मोठी बैठक. सूनबाईच्या माहेरचेही आले. सगळे एकदम बोलत होते. मुलगा माझ्याकडे बघून बराच वेळ काहीतरी म्हणाला. मी मान हलवली. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हलवली, वर खणखणीत "उत्तम!" म्हटलं. सूनबाईने डोळे पुसले.
छाप पडली.

२३ मार्च
घरात खोकी भरतायत. रंगकाम असावं. विचारलं नाही. बैठकीला हजर असलेल्या माणसाने विचारणं बरं दिसत नाही.

२५ मार्च
नात खोलीत आली. एकटीच, म्हणून शब्द न शब्द कळला. आबा, तुम्ही खरंच आमच्याबरोबर येणार नाही? बाबांची दुसऱ्या गावी बदली झाली. बैठकीत त्यांनी विचारलं, तुम्हाला इथेच राहायचंय का? तुम्ही दोनदा मान डोलावलीत. वर उत्तम!
मी म्हटलं, पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय आहे. ती म्हणाली, चक्रम आहात. पाय आपटत गेली.
संकल्प: उद्या मुलाला स्पष्ट सांगायचं.

२६ मार्च
मुलगा कामात होता.

२७ मार्च
मी कामात होतो.

३० मार्च
ट्रक आला. हमालांच्या गलक्यात काही कळेना, म्हणून स्टेपनी काढून डाव्या कानात घातली. आणि सगळे आपापल्या जागी जाऊन उभे राहिले! जिन्यात हमाल कपाटावरून भांडतायत. स्वयंपाकघरात सूनबाई शेजारणीला सांगतेय, दोनदा विचारलं हो, आम्हीच नको झालोय त्यांना. दाराशी मुलगा ड्रायव्हरला म्हणतोय, पुढच्या सीटवर काही ठेवू नका, आबांचं मन बदललं तर बसतील. नात खाली कोणाला तरी म्हणतेय, नाही बदलणार, हट्टी आहेत.
एकाच वेळी चार बाजूंची बोलणी, आणि चारही कळतायत! मी भिंतीला टेकून ऐकत राहिलो. इतक्या दिवसांनी घर ऐकू येत होतं. मध्ये तोंड घालणं जिवावर आलं.
मग पाया पडले, आणि गेले.

२ एप्रिल
मुलाचा फोन. पोचले. विचारलं, कसे आहात? म्हटलं, मजेत. त्याने ठेवला.
एवढी घाई काय होती? आणखी एकदा विचारलं असतं तर सांगणारच होतो. आता पोरांनो, तुम्हीच करा फोन, कोणीही करा, पण लवकर करा. एकेक कशाला, सगळे एकदम बोला.